वाचक विचारतात : केळीला जंगल समजणारं रडार

आषाढ लागल्यापासून माझ्या गच्चीवरून सातपुडा दिसलेला नाही. एरवी फैजपूरहून उत्तरेला पाहिलं की तो निळ्या कुंपणासारखा आडवा पसरलेला असतो. आता नुसता राखाडी पडदा. मागच्या अंकात भारत-अमेरिकेच्या निसार या रडार उपग्रहाबद्दल लिहिताना भरात मी एक वाक्य लिहून गेले : ‘रडारला ढग अडवत नाहीत, त्याला थेट जंगल दिसतं.’ पहिला अर्धा खरा आहे. दुसऱ्या अर्ध्यावर वाचकांनी मला धरलं, आणि बरोबर धरलं. म्हणून या वेळी सगळी पत्रं त्याच विषयावरची घेतली आहेत. बामणोदच्या वांग्यांबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी महिनाभर थांबावं.

शहाद्याच्या एका शिक्षिका लिहितात : तोरणमाळची सहल ढगांमुळे वाया गेली. समोरचा यशवंत तलाव दिसेना. मुलांनी विचारलं, उपग्रहाला ढगातून दिसतं म्हणजे क्ष-किरणांसारखं का? मला सांगता आलं नाही.

बाई, क्ष-किरणांच्या अगदी उलट. क्ष-किरणांची लहर अतिसूक्ष्म असते, रडारची चांगली मोठी. ढगातला थेंब साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. रडारची लहर मुलांना बोटांवर मोजून दाखवता येते : एक्स बँड म्हणजे अंगठ्याचं पेर, तीन सेंटिमीटर, सी बँड म्हणजे करंगळी, साडेपाच, एस बँड म्हणजे मूठ, एल बँड म्हणजे वीत, २४ सेंटिमीटर, आणि पी बँड म्हणजे दीड हात, ७० सेंटिमीटर. तापीच्या लाटेसमोर तरंगती काडी धरली तर लाट अडते का? ढगाचा थेंब त्या काडीहूनही क्षुल्लक. धो-धो पावसाचे मोठे थेंब एक्स बँडला थोडे अडवतात. करंगळीच्या पुढे तो त्रासही नगण्य.

आणि रडार ‘बघत’ नाही. विहिरीत ओरडून आवाज कसा परत येतो त्यावरून पाणी किती खोल ते आपण लहानपणी ओळखायचो, तसं ते स्वतः हाक मारतं आणि परत आलेली साद मोजतं. सूर्य लागत नाही, म्हणून अमावस्येच्या रात्रीही चालतं. कारण ती हाकच त्याची बॅटरी. मुलांना हे वर्गात करून दाखवायचं तर विहीर नको, मोकळा हॉल आणि पडदे लावलेला हॉल पुरे.

उष्ण कटिबंधातल्या जंगलांसाठी ही युक्ती फार जुनी आहे, कारण तिथे ढग हटतच नाहीत. पनामातला दारिएन प्रांत विमानातून फोटो काढून नकाशात आणता येईना, तो १९६७ मध्ये रडारने आणला. त्यानंतर १९७० च्या दशकात ब्राझीलने ‘राडाम’ प्रकल्पात विमानाला रडार लावून आपल्या हद्दीतलं अख्खं ॲमेझॉन खोरं पिंजून काढलं. पुढे हे काम उपग्रहाकडे आलं. जपानच्या जेईआरएस-१ ने १९९५-९६ मध्ये त्याच खोऱ्याची दोन चित्रं काढली, एक नद्या उतरलेल्या असताना आणि एक पूर असताना. वीतभर लहर पानांतून खाली उतरते, पाण्यावर आपटते, तिथून खोडावर आपटते आणि सरळ माघारी येते. ओटा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात चेंडू मारला तर तो आपल्याकडेच परत येतो ना, तसं. त्यामुळे पुरात उभं असलेलं जंगल त्या चित्रात पांढरंशुभ्र चमकतं. झाडाखालचं पाणी वरून दिसणं ही गोष्ट मला आजही थोडी जादूची वाटते, आणि तीस वर्षं हे काम करून मी जादूवर विश्वास ठेवत नाही.

तुमच्या मुलांपैकी एखादा चौकस असेल तर तो विचारेल, सातशे किलोमीटरवरून दहा मीटरचा तुकडा वेगळा कसा ओळखतात? साध्या हिशेबाने त्यासाठी करंगळीच्या लहरीला पाचेक किलोमीटर लांब अँटेना लागली असती. सेंटिनेल-१ उपग्रहाची अँटेना १२.३ मीटर आहे. तो उडता उडता हजारो वेळा हाक मारतो आणि सगळ्या सादा गणिताने अशा जोडतो की जणू एकच लांबच लांब अँटेना होती.

रावेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र : मुलाने मोबाइलवर कुठलासा जगाचा नकाशा दाखवला. आमच्या तीन एकर केळीवर गडद हिरवा रंग आणि ‘वृक्षाच्छादन’. ताई, माझं वावर जंगल खात्यात तर जाणार नाही ना?

दादा, निर्धास्त राहा. तुमचा सातबारा तलाठ्याकडे आहे, उपग्रहाकडे नाही. पण तुमच्या पत्राने माझी एक जुनी जखम उघडली, तेव्हा सविस्तर सांगते.

पुण्याची नोकरी सोडून मी २०१७ मध्ये माहेरी फैजपूरला आले. युरोपच्या सेंटिनेल-१ चा डेटा फुकट मिळत होता, भावाकडे एक जुना संगणक पडून होता. म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या देशातली जंगलं रंगवली, आता आपल्या रावेर-यावलचा नकाशा करू. ऑगस्ट आणि सप्टेंबरची दोन चित्रं घेतली, जिथून साद मोठी येते तिथे हिरवा रंग भरला. नकाशा देखणा झाला. सातपुड्यावरून जंगल खाली ओघळत आलेलं, रावेर, सावदा, फैजपूर ओलांडून थेट तापीच्या काठापर्यंत. भावाला बोलावलं. त्याने चष्मा लावून फैजपूरच्या दक्षिणेला बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘आवं, हे तं आपलं वावर हाये. जंगल कुठलं?’

तिथे त्याची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, उभी होती, जी-९ जातीची. मीच जूनमध्ये तिच्या बांधावर बसून जेवले होते.

का चुकलं ते बघा. रडारला हिरवा रंग कळत नाही, झाडाचं नाव कळत नाही. त्याला तीन गोष्टी कळतात : वस्तू केवढी आहे, ओली किती आहे, आणि तिची ठेवण कशी आहे. केळीचं पान माणसापेक्षा लांब, रुंदी हातभर, आणि आतबाहेर पाणीच पाणी. करंगळीएवढ्या लहरीसाठी हे पान म्हणजे मोठा ओला पत्रा. ती लहर वरच्या पानांतच अडकते, इकडून तिकडे आपटते आणि भरघोस साद परत पाठवते. सागाच्या दाट रानातही ती वरच्या पानांतच अडकते. मग दोन्हीकडून एकसारखी साद आली तर रडारची काय चूक? चूक ‘मोठी साद म्हणजे जंगल’ असं ठरवणाऱ्या माझी.

आमच्या घरात आई तीन चाळण्या ठेवायची : मैद्याची, पिठाची आणि गहू चाळायची. मैद्याच्या चाळणीवर सगळंच अडतं, गव्हाच्या चाळणीतून बारीकसारीक सगळं खाली पडतं आणि फक्त मोठं उरतं. लहरींचं तसंच. एक्स बँड शेंड्याच्या पानांवर अडतो. सी बँड पानं आणि डहाळ्या पकडतो. वीतभर एल बँडला पानं जवळजवळ जाणवत नाहीत, त्याला फांद्या आणि खोड हवं. पी बँड तर जाडजूड खोडापर्यंत पोचतो; त्यासाठीच युरोपने २९ एप्रिल २०२५ ला ‘बायोमास’ नावाचा उपग्रह सोडला. केळीला फांद्या नाहीत, लाकूड नाही. खोड दिसतं तेही पानांच्या देठांची गुंडाळी. एल बँडचं चित्र माझ्याकडे असतं तर भावाचं वावर आणि सातपुड्यातल्या पालचं रान वेगळं काढणं सोपं गेलं असतं. त्या वेळी ते फुकट आणि दर पंधरवड्याला मिळत नव्हतं. निसारवर एल आणि एस असे दोन्ही बँड आहेत आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर येतो. मला त्याचं एवढं अप्रूप का, ते आता कळलं असेल.

मग सी बँडवरच मार्ग काय? दोन चित्रांऐवजी वर्षभराची चित्रं. हे मला पुस्तकाने नाही, भावाने शिकवलं. तो म्हणाला, ‘श्रावणात सगळंच हिरवं असतं, तू वैशाखात बघ.’

बघितलं. ॲमेझॉनचं सदाहरित जंगल रडारला बाराही महिने इतकं सारखं दिसतं की उपग्रहाच्या अँटेना नीट चालताहेत का हे तपासायला त्या जंगलाचाच माप म्हणून वापर करतात. आपला सातपुडा तसा नाही, तो पानं गाळतो. फेब्रुवारीपासून साग उतरायला लागतो, सालई, धावडा, पळस उघडे पडतात, जमीन कोरडीठाक होते. यावलच्या वरच्या उतारांवरची साद दोन-तीन डेसिबलने खाली आली. तीन डेसिबल म्हणजे निम्मी. आणि खाली काळ्या मातीत, ठिबकवर, एप्रिलच्या ४४ अंशांत, केळी जशीच्या तशी चमकत होती! म्हणजे खानदेशात उन्हाळ्याच्या चित्रात जे ठळक उजळतं ते जंगल नव्हे, आणि जे मंदावतं तेच जंगल. ॲमेझॉनच्या नियमाने इथे नकाशा केला की तो फसलाच.

कापूस सप्टेंबरात फसवतो पण जानेवारीत वावर मोकळं होतं, तेव्हा तो लगेच पकडला जातो. केळी मात्र चिवट. कांदेबाग वेगळ्या महिन्यात, मृगबाग वेगळ्या, आणि खोडवा, म्हणजे त्याच बुंध्याचं दुसरं पीक, ठेवला तर घड कापल्यावरही शेजारचं पिल उभंच असतं, साद फारशी पडत नाही. आंब्याची जुनी बाग तर मला अजूनही दर वेळी वेगळी काढता येत नाही. तिथे मी मोटारसायकलवर भाच्याच्या मागे बसते आणि जाऊन बघते. तुमच्या मोबाइलवरचा नकाशा करणारा माणूस रावेरला आलेला नाही, एवढाच त्याचा दोष.

जळगावहून एक वाचक : तुम्ही इंडोनेशियाच्या जंगलावर काम केल्याचं लिहिता. तिथे राहिलात का? कसं आहे ते जंगल?

नाही गेले. तीन वर्षं बोर्निओ बेटाच्या कालिमंतानचा एकेक ओढा मी पुण्याच्या एका खोलीत बसून ओळखत होते आणि पाय तिथे कधी ठेवला नाही. आता बोलायला लाज वाटते, पण या धंद्यात हे सर्रास चालतं.

काम होतं जपानच्या आलोस उपग्रहाच्या एल बँड चित्रांवर. तो २००६ मध्ये अवकाशात गेला आणि २०११ मध्ये बंद पडला. दोन प्रकारच्या सादा मिळायच्या : आडवी लहर पाठवून आडवीच परत आलेली, आणि आडवी पाठवून उभी होऊन आलेली. दुसरी महत्त्वाची. लहरीला आडव्याची उभी करायला गुंतागुंत लागते, वेड्यावाकड्या फांद्या लागतात. खऱ्या जंगलात ती भरपूर. तेलाच्या पाम झाडांच्या ओळीत आडवी साद चांगली पण उभी कमी, कारण त्या झाडालाही केळीसारख्याच फांद्या नाहीत. दोन्हींतला फरक पाहून आम्ही मळे आणि जंगल वेगळं करायचो. दलदलीच्या पीट जमिनीत, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या जमिनीत, १९९० च्या दशकात भातासाठी खणलेले कालवे पट्टीने रेघा ओढाव्या तसे दिसायचे. कोरडी पडलेली पीट जमीन जळते तेव्हा आग जमिनीच्या पोटात चालत जाते, वर नुसता धूर. धुरातूनही रडारला दिसायचं, हे सांगायला नको.

तिथली माझी चूक केळीपेक्षा वाईट होती. एका पट्ट्यात आडवी साद अचानक वाढली. मी नोंद केली : जंगल दाट झालं. दोन महिन्यांनी तिथल्या पथकाचा फोटो आला. सगळी झाडं जमीनदोस्त, ओंडके आडवेतिडवे पडलेले. नुकतं तोडलेलं जंगल एल बँडच्या आडव्या सादेत आधी आणखी उजळतं, कारण पडलेले ओंडके आणि उरलेले बुंधे जोरदार परतावा देतात. ओंडके उचलले की मग ते काळं पडतं. तो फोटो मी छापून भिंतीवर लावला होता. नोकरी सोडताना तोच एक कागद सोबत आणला.

हल्ली नेदरलँड्सच्या वाखेनिंगन विद्यापीठाची यंत्रणा सेंटिनेल-१ वरून उष्ण कटिबंधातल्या जंगलतोडीचे इशारे देते, दहा मीटरच्या ठिपक्यांवर. एका चित्रावर ती भरवसा ठेवत नाही. पुढच्या फेऱ्यांमध्येही साद पडलेलीच राहिली तरच तोड पक्की धरते. माझ्या वेळी हे असतं तर भिंतीवरचा फोटो नसता.

अक्राणी तालुक्यातल्या एका तरुणाचं पत्र : आमच्या पाड्यातले काही वनदावे पुराव्याअभावी नामंजूर झाले. २००५ चं रडार चित्र मिळवून दावा सिद्ध करता येईल का? ढगांचा प्रश्न नाही म्हणता, मग जुनं चित्र असेलच.

भाऊ, खोटी आशा देत नाही. रडार इथे फार उपयोगी नाही.

वनहक्क कायद्यात जमीन ज्या तारखेआधीपासून ताब्यात असायला हवी, ती तारीख १३ डिसेंबर २००५. त्या वेळी युरोपचा एन्व्हिसॅट उडत होता, सी बँड, ठिपका साधारण ३० मीटरचा. एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. तुमच्या एकरभर शेतात असे चार-पाच ठिपके बसतील. शिवाय रडारच्या चित्रावर कुणी रवा भुरभुरवल्यासारखे दाणे असतात. शेजारी शेजारी एकाच गवतात एक ठिपका पांढरा, एक काळा. ते दाणे घालवायला बऱ्याच ठिपक्यांची सरासरी काढावी लागते, आणि तुमच्याकडे सरासरीला ठिपकेच चार! त्यात अक्राणीचे उतार. रडार सरळ खाली नाही, तिरकं हाक मारतं. त्याच्याकडे तोंड केलेला डोंगर दबून आखूड आणि पांढरा होतो, पलीकडचा उतार सावलीत काळा पडतो. संध्याकाळच्या उन्हात तुमच्या समोरच्या डोंगरात दिसतं तसंच, फक्त इथे ती सावली हाकेची. त्या सावलीत तुमचं शेत असेल तर चित्रात ते नाहीच.

डिसेंबरात आपल्याकडे आभाळ मोकळं असतं, म्हणून साधी प्रकाशाची चित्रं बरी. भारताचा रिसोर्ससॅट-१ ऑक्टोबर २००३ मध्ये सोडला होता, त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा, कार्टोसॅट-१ मे २००५ मध्ये, अडीच मीटरचा. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे अशी जुनी चित्रं असतात. तुमच्या जागेचं त्या महिन्यातलं निघेलच असं नाही, पण मागणी तिथे करा.

आणि एक गोष्ट कागदावर लिहून खिशात ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्काचे नियम स्पष्ट सांगतात की उपग्रहाचं चित्र हे दावेदाराच्या पुराव्याला पूरक आहे, त्याच्या जागी नाही. ‘चित्रात शेत दिसत नाही’ एवढ्यावर दावा फेटाळला असेल तर त्यावर बोट ठेवता येतं. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. बांध, जुनी विहीर, लावलेली झाडं, वडीलधाऱ्यांचा जबाब हे सगळे पुरावेच. वनहक्क समितीसोबत शेताची पाहणी करून पंचनामा नीट लिहून घ्या. मी यंत्राच्या बाजूची बाई आहे, तरी सांगते, तुमच्या आजीचा जबाब त्या चार ठिपक्यांपेक्षा जास्त बोलेल.

धुळ्याचा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी : मॅडम, प्रकल्पासाठी रडारवरून जंगलाचा नकाशा करायचा आहे. सुरुवात कुठून? लॅपटॉप साधा आहे. बाकी बरं शे.

बरं शे ना, मग ऐक. लॅपटॉप साधा असेल तर गूगल अर्थ इंजिन वापर, गणित त्यांच्या यंत्रावर होतं. स्वतः प्रक्रिया शिकायची असेल तर युरोपच्या अवकाश संस्थेचं स्नॅप फुकट आहे, पण ते तुझ्या लॅपटॉपचा पंखा गरगरवेल. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट असतात, ते आधी कर.

तीन खड्डे सांगते, मी तिन्हींत पडलेय. डेसिबलची सरासरी काढू नकोस. उणे दहा आणि उणे वीस यांची सरासरी उणे पंधरा येते, पण मूळ ऊर्जेत परत नेऊन काढलीस तर उणे साडेबाराच्या आसपास. अडीच डेसिबलची चूक, म्हणजे आपल्या सागाची जवळजवळ सगळी पानगळ त्या चुकीत गडप. दुसरं, उत्तरेकडे जाणाऱ्या फेरीची आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या फेरीची चित्रं एकत्र मिसळू नकोस. डोंगराच्या उजळ बाजू बदलतात आणि तुला वाटेल जंगल हललं. तिसरं, अर्थ इंजिनमधल्या सेंटिनेल-१ वर जागा दुरुस्त केलेली असते पण उतारामुळे बदललेली चकाकी दुरुस्त केलेली नसते. शिरपूरच्या सपाटीवर हे चालून जाईल, सातपुड्यात नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून अकरा दिवसांत रडारनेच केलेला उंचीचा नकाशा फुकट मिळतो, तो घेऊन दुरुस्ती कर.

आणि मॅडम म्हणू नकोस. ताई पुरे.

चाळीसगावचे एक निवृत्त गृहस्थ : सरकारी अहवाल जंगल वाढलं म्हणतात. आमच्या पाटणादेवीकडचे डोंगर मी पन्नास वर्षं पाहतोय. रडार वापरलं तर खोटेपणा उघडा पडेल ना?

काका, पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहे, तेव्हा हिशेबाची गोष्ट तुमच्याकडून आली हे योग्यच. पण इथे खोटेपणापेक्षा व्याख्येचा घोळ जास्त आहे. भारतीय वन सर्वेक्षण ज्याला वनाच्छादन म्हणतं त्यात एक हेक्टरपेक्षा मोठी, दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेली कुठलीही जमीन येते, मालक कुणीही असो. फळबाग आली, बांबू आला. दहा ते चाळीस टक्के विरळ, चाळीस ते सत्तर मध्यम, सत्तरच्या वर अति दाट. म्हणजे तुमचा डोंगर दाटावरून विरळावर घसरला तरी तो ‘वनाच्छादन’ राहतोच, आणि दुसरीकडे कुणी बाग लावली तर बेरीज वाढते. रडारने ही बेरीज बदलणार नाही. घसरण मात्र दिसू शकेल, कारण छत्राखाली लाकूड किती हे एल बँडला थोडंफार कळतं. तेही अमर्याद नाही. हेक्टरी शंभर-दीडशे टनांच्या पुढे त्याचीही साद वाढायची थांबते, आणि सी बँडची त्याच्या कितीतरी आधी. आपल्या विरळ कोरड्या रानाला हे माप पुरेसं ठरावं. एकूण क्षेत्राचा आकडा सोडा, दाटीच्या वर्गांचा तक्ता बघा. तुमचा राग तिथे जास्त कामाला येईल.

भुसावळहून एक आजी विचारतात : रात्रंदिवस वरून लहरी सोडतात, त्याने नातवाला काही होणार नाही ना?

नाही हो आजी. जमिनीपर्यंत पोचते ती ऊर्जा उन्हाच्या कोटीव्या हिश्श्याइतकीही नसते. नातवाला भुसावळच्या उन्हात टोपी घाला.

शेवटी माझाच एक प्रश्न, रावेर तालुक्यातल्या वाचकांना. गेल्या एप्रिलच्या चित्रांत गारबर्डी धरणाच्या वरच्या अंगाला, पालच्या रस्त्याच्या पश्चिमेला, एक लांबट ठिपका सगळा उतार मंदावलेला असताना उजळ राहिलाय. अंदाजे सात-आठ एकर. केळी तिथे असणार नाही, उतार तीव्र आहे. ओढ्याकाठची झाडं असतील, किंवा अंजनाचा पट्टा. अंजनाला नवी पालवी सागाच्या आधी येते. नाहीतर नुसता डोंगराचा कडा माझ्याकडे तोंड करून बसला असेल, कारण त्या चित्रांवर मी उताराची दुरुस्ती केलेली नव्हती. हो, विद्यार्थ्याला सांगितलेला तिसरा खड्डा. भाच्याची मोटारसायकल पावसात तिथे जात नाही. कुणाची गुरं त्या बाजूला चरायला जात असतील तर काय आहे तिथे ते कळवा, जमल्यास फोटोही पाठवा.